१० लिटर हिरवे डिझेल

९ मार्च २०२२ रोजी आयर्लंडच्या सरकारने जाहीर केले की, त्या मध्यरात्रीपासून पेट्रोलवरील कर लिटरमागे २० सेंटने, डिझेलवरील १५ सेंटने आणि शेतीच्या डिझेलवरील २ सेंटने कमी होईल. युक्रेनमधील युद्ध सुरू होऊन दोन आठवडे झाले होते आणि आमच्या भागातील पंपांवर डिझेलने लिटरला २ युरोचा आकडा ओलांडला होता. गाडीचा काटा लाल रेघेला टेकलेला असतानाही मी दुपारी कामावर जाताना टाकी भरली नाही, ती या १५ सेंटच्या आशेने. रात्रपाळीला आलेल्या सहकाऱ्याकडे प्रयोगशाळा सोपवून मी निघालो आणि डंडॉकहून कॅरिकमॅक्रॉसकडे येणाऱ्या अंधाऱ्या रस्त्यावर, घर जेमतेम दोन किलोमीटर राहिले असताना, इंजिनाने दोन आचके दिले आणि ते बंद पडले.

मी मूळचा मनमाडचा. मोनाहन परगण्यात आम्ही २०१७ पासून राहतो. पत्नी परिचारिका आहे आणि मी एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करतो. गाडी २०११ सालची, डिझेलवर चालणारी. आयर्लंडमध्ये १ जुलै २००८ पासून गाड्यांवरील कर कार्बनच्या उत्सर्जनावरून ठरू लागला, डिझेल गाड्यांचा वार्षिक कर त्यामुळे बराच कमी झाला आणि लोक मोठ्या संख्येने त्यांच्याकडे वळले. आम्ही जुनी गाडी शोधत होतो तेव्हा विकायला असलेल्या गाड्यांत डिझेलच्याच जास्त होत्या, म्हणून तीच घेतली.

त्या रात्री रस्त्याच्या कडेला एका शेतघरात दिवा दिसत होता. मार्च म्हणजे इथे मेंढ्या विण्याचा हंगाम, आणि त्या दिवसांत शेतकरी रात्रीची झोप विसरलेले असतात. साठीच्या पुढचे एक गृहस्थ गोठ्यातून बाहेर आले. त्यांना मी ओळखत होतो. आमच्या पहिल्या हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ साचला होता तेव्हा त्यांनीच ट्रॅक्टरने आमच्या दारापर्यंतची वाट मोकळी करून दिली होती. माझी अडचण ऐकताच ते काही न बोलता शेडमध्ये गेले, मोठ्या टाकीच्या नळाखाली कॅन धरून १० लिटर डिझेल भरले आणि माझ्याबरोबर गाडीपर्यंत चालत आले. मोबाइलच्या उजेडात नरसाळ्यातून जाणारी धार मी पाहिली. ती हिरवी होती. त्यांनीही काही लपवले नाही. हे ट्रॅक्टरचे आहे, आत्ता घरी जा आणि सकाळी वरून पंपाचे भरून घे, असे ते म्हणाले. डिझेल गाडीची टाकी पूर्ण आटली की इंधनाच्या नळ्यांत हवा शिरते, म्हणून किल्ली चार-पाच वेळा फिरवून पंपाला नळ्या भरू द्याव्या लागल्या; मग इंजिन सुरू झाले. मी पैसे पुढे केले, तेव्हा ते गोठ्याच्या दिशेने चालू लागले होते.

हिरवे डिझेल म्हणजे काय, हे मला त्या रात्रीही ठाऊक होते, म्हणून अज्ञानाची सबब मी सांगणार नाही. आयर्लंडमध्ये शेती, जनरेटर, घर तापवण्याची यंत्रणा अशा रस्त्याबाहेरच्या कामांसाठी जे डिझेल विकले जाते, त्यावर कर फार कमी असतो. त्या कपातीपूर्वी रस्त्यावरच्या डिझेलवर लिटरमागे ५० सेंटहून अधिक खनिज तेल कर होता, तर हिरव्यावर त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी; शिवाय मूल्यवर्धित कर एकावर २३ टक्के आणि दुसऱ्यावर १३.५ टक्के. ही सवलत फक्त त्या कामांपुरती राहावी म्हणून त्यात हिरवा रंग मिसळतात. आमच्या घरापासून काही किलोमीटरवर असलेली सीमा ओलांडून उत्तर आयर्लंडमध्ये गेले की हेच डिझेल लाल असते, कारण तिथे ब्रिटनचा कायदा चालतो. रंगीत डिझेल रस्त्यावरच्या मोटारीत वापरणे दोन्हीकडे गुन्हा आहे. इकडे न्यायालयात ५,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो आणि गाडी जप्त होऊ शकते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पंपावर जाऊन टाकी काठोकाठ भरली. टाकी ५५ लिटरची. म्हणजे १० भाग हिरवे आणि ४५ भाग पांढरे. रस्त्यासाठीच्या बिनरंगी डिझेलला इथले लोक पांढरे म्हणतात. गाडी पूर्वीसारखीच चालत होती, आवाजात किंवा ओढीत काही फरक नव्हता आणि चार दिवसांत मी ती गोष्ट जवळजवळ विसरलो.

ती पुन्हा आठवली वाहन तपासणीच्या पत्रामुळे. आयर्लंडमध्ये नॅशनल कार टेस्ट, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली एनसीटी, २००० सालापासून सक्तीची आहे. गाडी चार वर्षांची झाली की दर दोन वर्षांनी आणि दहा वर्षांची झाली की दर वर्षी ती रस्त्यावर चालवण्यायोग्य आहे की नाही हे तपासून घ्यावे लागते. आमची गाडी अकरा वर्षांची, तेव्हा तपासणी वार्षिक. तारीख मिळाली ७ एप्रिलची. कारखान्याच्या उपाहारगृहात मी सहज विषय काढला आणि पाच मिनिटांत पाच मते ऐकली. एकाच्या मते हिरव्या डिझेलने धूर जास्त होतो आणि धुराच्या चाचणीत गाडी हमखास नापास होते. दुसऱ्याने सांगितले की तपासनीस टाकीत नळी घालून रंग पाहतात आणि लगेच महसूल खात्याला कळवतात. तिसऱ्याने छातीठोकपणे सांगितले की त्याचे वडील वीस वर्षे हिरव्यावर गाडी चालवत होते आणि दर वेळी पास होत होते.

मी रसायनशास्त्राचा पदवीधर आहे, म्हणून धुराचे म्हणणे मला प्रथमपासून पटले नाही. डिझेलचा काळा धूर म्हणजे अर्धवट जळालेला कार्बन, आणि तो वाढतो इंजेक्टर खराब झाले, हवेचा फिल्टर तुंबला, टर्बोतून पुरेशी हवा आली नाही किंवा धूर अडवणारी जाळी निकामी झाली तर. रंग आणि खुणेची द्रव्ये लिटरमागे काही मिलिग्रॅम असतात. एवढ्याशा पदार्थाने धूर दाट होत नाही. गंधकाचा प्रश्न मात्र खरा होता. शेतीच्या यंत्रांसाठीचे डिझेल २०११ पासून युरोपात रस्त्यावरच्या डिझेलइतकेच, म्हणजे दहा लाख भागांत जास्तीत जास्त १० भाग गंधकाचे असावे लागते; पण घर तापवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या तेलात ते १,००० भागांपर्यंत चालते आणि असे तेल सतत वापरले तर आधुनिक गाडीच्या धूर शुद्ध करणाऱ्या भागांवर परिणाम होतो. शेजाऱ्यांची टाकी ट्रॅक्टरची होती आणि मी घेतलेले डिझेल १० लिटरच होते, तेव्हा गाडीला त्याचा धोका नव्हता.

धोका होता तो माझ्यासारख्याच एखाद्या माणसाच्या प्रयोगशाळेत. रंग डोळ्यांना दिसतो, पण कायद्याची खरी खूण डोळ्यांना दिसत नाही. युरोपीय संघात कमी कराच्या डिझेलमध्ये लिटरमागे ६ ते ९ मिलिग्रॅम सॉल्व्हंट यलो १२४ नावाचे द्रव्य घालावे लागत असे. नमुन्यात आम्ल मिसळून हलवले की ते लाल होते आणि खूण पटते. सीमाभागातल्या टोळ्या रंग आणि हे द्रव्य दोन्ही आम्लाने किंवा रंग शोषणाऱ्या मातीने काढून टाकू लागल्या, तेव्हा १ एप्रिल २०१५ पासून आयर्लंड आणि ब्रिटन या दोन्ही देशांनी मिळून अ‍ॅक्युट्रेस हे आणखी एक द्रव्य घालायला सुरुवात केली; ते काढणे फार अवघड जावे अशाच रीतीने निवडलेले होते. मी कागदावर हिशेब मांडला. पहिल्या भरणीनंतर हिरव्याचे प्रमाण १८ टक्के होते. टाकी अर्धी झाल्यावर मी पुन्हा भरली तेव्हा ते ९ टक्क्यांवर आले, आणखी एकदा भरल्यावर साडेचार टक्क्यांवर. साडेचार टक्के म्हणजे सॉल्व्हंट यलो लिटरमागे किमान ०.२७ मिलिग्रॅम. डोळ्यांना यात कदाचित काहीच हिरवे दिसणार नाही. पण ज्या प्रकारच्या क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे मिश्रणातली द्रव्ये वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर, मी रोज काम करतो, त्यावर ही मात्रा ठळक शिखर म्हणून उमटते. या हिशेबाने मी खरोखर घाबरलो. आपली टाकी आपोआप धुऊन निघेल असे मी समजत होतो, आणि दर भरणीला ती फक्त निम्म्याने स्वच्छ होत होती.

ही भीती केवळ दंडाची नव्हती. त्या उन्हाळ्यात आमची पाच वर्षे पूर्ण होणार होती आणि आम्ही दोघे आयरिश नागरिकत्वासाठी अर्ज करणार होतो. त्या अर्जात अर्जदाराचे चारित्र्य चांगले असावे लागते आणि न्यायालयात झालेल्या शिक्षा नोंदवाव्या लागतात. वाहन चालवणाऱ्याच्या ताब्यात असलेल्या टाकीत काय आहे याची जबाबदारी त्याचीच, आणि कोणीतरी मायेने ओतले म्हणून ती कमी होत नाही. पत्नीला मी हे सगळे एका रविवारी सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “तुला तपासणीची भीती वाटते आहे की त्या डिझेलची?” मला लगेच उत्तर देता आले नाही.

याचे कारण सांगायचे तर मनमाडकडे वळावे लागते. माझ्या लहानपणी रेशनच्या दुकानात रॉकेल मिळत असे ते निळे. खुल्या बाजारातले पांढरे आणि रेशनचे निळे, हे आम्हा मुलांनाही माहीत होते; रंग घातला होता तो गरिबाच्या चुलीसाठी स्वस्त दिलेले रॉकेल डिझेलमध्ये मिसळले जाऊ नये म्हणून. तरीही ते मिसळले जात होते. मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत, आणि तिथून निघणाऱ्या टँकरभोवती काय चालते हे गावात सगळे जाणून होते, उघडपणे बोलत मात्र कमी. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी तिथे भेसळीचा प्रकार पाहिला, तो टिपायला सुरुवात केली आणि त्यांना भर दिवसा जिवंत जाळण्यात आले. मी तेव्हा महाविद्यालयात होतो. दुसऱ्या दिवशीच्या प्रजासत्ताक दिनाला आमच्या गल्लीत कोणी मोठ्याने बोलत नव्हते, हे मला आजही आठवते. सवलतीच्या इंधनाला रंग का द्यावा लागतो आणि तो रंग ओलांडणाऱ्या धंद्याच्या टोकाला काय असते, हे मनमाडच्या माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. तोच माणूस आता पाच हजार मैलांवर १५ सेंट वाचवण्याच्या नादात टाकीत हिरवे डिझेल घेऊन फिरत होता.

आयर्लंडच्या सीमाभागालाही हा धंदा नवा नाही. हिरव्या आणि लाल डिझेलमधला रंग काढून ते पांढरे म्हणून विकणाऱ्या टोळ्यांनी लाऊथ, मोनाहन आणि पलीकडच्या आर्मामध्ये अनेक वर्षे कारखाने चालवले. रंग काढल्यावर उरणारा आम्लाचा आणि तेलाचा गाळ ते प्लास्टिकच्या मोठ्या टाक्यांत भरून रात्री आडरस्त्यांवर, ओढ्यांच्या काठी टाकून देत आणि तो उचलण्याचा खर्च स्थानिक प्रशासनावर, म्हणजे इथल्या करदात्यांवर पडत असे. असे धुतलेले डिझेल अजाणता भरलेल्या गाड्यांचे इंधनपंप खराब होत, तो तोटा आणखी वेगळा. २०१५ नंतर हे प्रकार खूप कमी झाले. माझ्या एका सहकाऱ्याने मात्र मार्चअखेरीस मला सुचवले की, तू रसायनवाला आहेस, टाकीतले डिझेल काढून रंग शोषणाऱ्या कोळशातून गाळून परत भर. तो वाईट हेतूने बोलला नव्हता. पण ते ऐकून माझ्या मनात जी चीड आली ती अजून गेलेली नाही, कारण त्याने सुचवलेले काम आणि त्या टोळ्यांचे काम यांत प्रमाणाखेरीज काहीच फरक नव्हता.

निर्णय झाला तो १ एप्रिलला सकाळी. त्याच दिवशी उत्तरेकडे नवा नियम लागू होत होता. बांधकामासह अनेक उद्योगांचा लाल डिझेल वापरण्याचा हक्क संपत होता आणि शेतीचा तेवढा राहत होता, त्यामुळे गाडीतल्या रेडिओवर रंगीत डिझेलचीच चर्चा चालू होती. एन-२ महामार्गावर एका वळणापलीकडे गार्डा, म्हणजे पोलिसांची गाडी, आणि सीमाशुल्क अधिकाऱ्यांची गाडी उभी होती. माझ्या पुढे एक पिकअप आणि एक जुनी जीप होती. दोन्ही बाजूला घेतल्या गेल्या. एका अधिकाऱ्याच्या हातात बारीक नळी आणि काचेची बाटली होती. मला हात करून पुढे जायला सांगितले. मी पुढे गेलो, दोन किलोमीटरवर गाडी थांबवली आणि काही वेळ स्टीअरिंगवर हात ठेवून तसाच बसून राहिलो. पत्नीच्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे मिळाले. तपासणीत पास झालो असतो तरी हे संपणार नव्हते.

त्याच दुपारी मी आमच्या गावातल्या गराजमध्ये गेलो आणि मालकाला जे घडले ते सगळे सांगितले, फक्त शेजाऱ्यांचे नाव सांगितले नाही आणि त्यांनीही ते विचारले नाही. टाकी पूर्ण रिकामी करणे हाच उपाय आहे, असे त्यांनी सांगितले. शनिवारी सकाळी काम झाले. मागची बैठक उचलली की तिच्याखाली टाकीवरचे एक गोल झाकण असते. ते उघडून त्यांनी हातपंपाच्या नळीने डिझेल एका ड्रममध्ये काढले. सुमारे २५ लिटर निघाले. पारदर्शक नळीतून जाताना त्याचा रंग मी मुद्दाम पाहिला. मला ते पिवळसरच दिसले, पण गराजमालकांनी फिल्टर काढून त्याच्या वाटीतले डिझेल पांढऱ्या कपड्यावर ओतले तेव्हा कपड्याला पुसटशी हिरवी कड आली. तीन आठवड्यांपूर्वीच्या त्या रात्रीची खूण फिल्टरच्या घडीत टिकून राहिली होती.

फिल्टर नवा बसवला. मग ५ लिटर पांढरे डिझेल घालून इंजिन दहा मिनिटे चालवले, जेणेकरून नळ्यांमधले आणि इंजेक्टरकडून टाकीत परत येणारे जुने डिझेल त्यात मिसळावे, आणि तेही काढून टाकले. शेवटी तळाशी एखादा लिटर उरतोच. तो काढण्यासाठी टाकी खाली उतरवावी लागली असती. मी तिथेच पुन्हा हिशेब केला. धुण्याचा फायदा न धरताही साडेचार टक्क्यांचा एक लिटर ५० लिटर शुद्ध डिझेलमध्ये मिसळला तर प्रमाण एक दशांश टक्क्याच्याही खाली जाते. काढलेले डिझेल कोणाच्याही गाडीत किंवा ट्रॅक्टरमध्ये न घालता गराजच्या टाकाऊ तेलाच्या ड्रममध्ये गेले, जो परवानाधारक वाहतूकदार येऊन घेऊन जातो. सगळा खर्च मिळून १७० युरो आला. पावतीवर ‘टाकी रिकामी करणे, इंधन फिल्टर बदलणे’ असे स्पष्ट लिहून द्या, अशी विनंती मी केली आणि ती पावती गाडीच्या कागदांत ठेवली. कोणी कधी विचारले तर त्या दिवसापर्यंतचे सर्व खरे सांगायचे, हेही मी तेव्हाच ठरवले.

आता ७ एप्रिलच्या तपासणीविषयी. जाण्याआधी मी जी तयारी केली ती डिझेल गाडी असलेल्या कोणालाही उपयोगी पडेल. धुराच्या चाचणीत इंजिन रिकाम्या गिअरमध्ये असताना पेडल झटकन पूर्ण दाबून कमाल फेऱ्यांपर्यंत नेतात आणि हे अनेक वेळा करतात. इंजिन ऑइल कमी असेल किंवा टायमिंग बेल्टची मुदत उलटून गेली असेल तर त्यात इंजिनाचे मोठे नुकसान होऊ शकते; म्हणून ऑइल पाहिले आणि बेल्ट कधी बदलला त्याची नोंद शोधून काढली. इंजिन नीट गरम असले पाहिजे, कारण थंड इंजिन अधिक धूर ओकते. मी घरून थेट न जाता पंधरा-वीस किलोमीटरचा फेरा घेऊन, शेवटचा टप्पा खालच्या गिअरमध्ये चालवत गेलो. टायरमधली हवा, सर्व दिवे, सीटबेल्टची टोके मोकळी दिसणे, डिकी रिकामी असणे, या गोष्टी आदल्या रात्री पाहिल्या होत्या.

केंद्रात शुल्क तेव्हा ५५ युरो होते. गाडी तपासनीस स्वतः आत घेऊन जातात आणि आपण काचेमागे बसून पाहायचे. पहिल्यांदाच धुराची नळी आमच्या गाडीच्या मागे लावलेली दिसली आणि इंजिनाचा तो चढता आवाज ऐकताना, टाकीत आता हिरवे काही नाही हे पक्के माहीत असूनही, माझे तळहात ओले झाले होते. १ जुलै २००८ नंतर पहिल्यांदा नोंदलेल्या डिझेल गाडीसाठी धुराच्या दाटपणाची मर्यादा १.५ आहे, आमच्या गाडीची नोंद आली ०.४. बाकीच्या चाचण्या पाऊण तासात झाल्या. गाडी नापास झाली, पण डाव्या हेडलाइटचा झोत नेमका खाली पडत नव्हता म्हणून. तो गराजमध्ये पाच मिनिटांत सरळ करून घेतला आणि पुढच्या आठवड्यात २८ युरो भरून फेरतपासणीत प्रमाणपत्र मिळाले.

फेरतपासणीच्या दिवशी, कागद हातात पडल्यावर, मी खिडकीतल्या तपासनीसांना सरळ विचारले की टाकीतल्या डिझेलचा रंग तुम्ही पाहता का. त्यांनी छापील अहवाल माझ्यासमोर फिरवला आणि एकेका ओळीवर बोट ठेवून दाखवले. ब्रेक, सस्पेन्शन, चाकांची दिशा, टायर, दिवे, धूर, गळती. इंधन गळते का हे आम्ही पाहतो, ते कोणत्या रंगाचे आहे हा महसूल खात्याचा विषय आहे, असे ते म्हणाले. उपाहारगृहातल्या पाच मतांपैकी वीस वर्षे पास होणाऱ्या वडिलांचे मत त्या अर्थी बरोबर होते. आणि म्हणूनच मला हे लिहावेसे वाटले, कारण अनेक जण याच उत्तरावर थांबतात आणि प्रमाणपत्राला टाकीतल्या डिझेलचेही प्रमाणपत्र समजतात. गाडी थांबवणारी नळी आणि बाटली या इमारतीत नसून एन-२ च्या वळणावर असते, आणि तिच्याकडे तारीख मागावी लागत नाही.

एक काम राहिले होते. त्या संध्याकाळी मी शेजाऱ्यांकडे गेलो. कोकरे आता मोठी होऊन कुरणात धावत होती. मी त्यांना टाकी रिकामी करण्यापासून एन-२ वरच्या तपासणीपर्यंत सगळे सांगितले, आणि सांगताना सारखी धास्ती होती की त्यांना हा आपल्या मदतीचा अपमान वाटेल. त्यांनी टोपी काढून डोके खाजवले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले की या हिवाळ्यात रस्त्यावर अडलेल्या आणखी दोघांना त्यांनी असेच डिझेल दिले होते, त्यांतली एक तरुण मुलगी होती जी नुकतीच गाडी चालवायला शिकली होती, आणि तिच्या बाबतीत असे काही होऊ शकले असते हे त्यांच्या मनातही आले नाही. त्यांचा आवाज उतरला होता. मी म्हणालो की त्या रात्री तुम्ही आला नसता तर मी थंडीत दोन किलोमीटर चालत गेलो असतो, आणि ते मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी १० लिटरचा नवा कॅन घेतला, पंपावर जाऊन तो पांढऱ्या डिझेलने भरला, त्याला जवळपास २० युरो लागले, आणि पुसले जाणार नाही अशा पेनाने त्यावर दोन्ही बाजूंनी ‘पांढरे, फक्त रस्त्यावरच्या गाड्यांसाठी’ असे इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिले. शेजाऱ्यांनी त्यांच्या शेडच्या दाराजवळ, हिरव्या टाकीपासून दूर, त्यासाठी एक खुंटी ठोकून त्याखाली फळी बसवली. कॅन तिथे ठेवला आहे. वापरला गेला की मला फोन करायचा आणि मी तो परत भरून आणायचा, असे आमचे ठरले आहे.